कपाट भिंतीला बांधा: मुंबईतल्या शाळांना खुले पत्र

मुंबईतल्या सगळ्या शाळांच्या संस्थाचालकांना, मुख्याध्यापकांना आणि मुख्याध्यापिकांना,

सप्रेम नमस्कार.

आज शाळा सुटली की एक काम करा. शिपाईमामांना सोबत घ्या, मोजायची टेप घ्या आणि जिन्याजवळच्या पॅसेजमधलं पहिलं लोखंडी कपाट मोजा. मापं दोनच घ्यायची: कपाट पुढून मागे किती खोल आहे आणि जमिनीपासून किती उंच आहे. मग खोलीला उंचीने भागा. आपल्याकडचं नेहमीचं कपाट साधारण साडेसहा फूट उंच आणि एकोणीस इंच खोल असतं, म्हणजे 198 सेंटिमीटर आणि 48 सेंटिमीटर. भागाकार येतो 0.24. वाचनालयातली एका बाजूने पुस्तकं लावायची उघडी रॅक सात फूट उंच आणि जेमतेम फूटभर खोल असते. तिचा भागाकार 0.14.

हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढचं सगळं पत्र त्या आकड्याबद्दल आणि भूकंपात पडणाऱ्या कपाटांबद्दल आहे.

मी पस्तीस वर्षं मुंबईत माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बक्षीस समारंभाला, विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावणी येतात. या निमित्ताने शहरातल्या पुष्कळ शाळा मी आतून पाहिल्या आहेत. मराठी माध्यमाच्या जुन्या दगडी इमारती पाहिल्या, पुनर्विकासात मिळालेले चकचकीत लाद्यांचे मजलेही पाहिले. प्रत्येक ठिकाणी माझी नजर आधी कपाटांकडे जाते. ही सवय मला नवव्या वर्षी लागली.

माझं लहानपण कोयनानगरला गेलं. अण्णा धरणाच्या कामावर स्टोअरमध्ये होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, 4 वाजून 21 मिनिटांनी, आमच्या वसाहतीत जे झालं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. सुमारे साडेसहा रिश्टरचा तो भूकंप. सुमारे 180 माणसं गेली. धरणाच्या आत बसवलेल्या यंत्राने गुरुत्वाच्या निम्म्याहून जास्त त्वरण नोंदवलं होतं, हे मी पुढे कॉलेजात असताना वाचलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की कोणीतरी मला अंथरुणासकट ओढत अंगणात नेत होतं आणि तो हात आईचा होता.

उजाडल्यावर आम्ही घरात डोकावलो. एक भिंत बाहेरच्या बाजूला पडली होती, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. तीन गोष्टी अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

पहिली म्हणजे जातं. आदल्या संध्याकाळी आईने दळण केलं होतं. जात्याभोवती सांडलेल्या पिठाचं गोल रिंगण जागच्या जागी होतं आणि जातं मात्र त्याच्या बाहेर, चांगलं वीतभर सरकून बसलेलं. वर खुंटा तसाच ताठ. दुसरी गोष्ट, लाकडी कपाट. ते तोंडावर आपटलं होतं, आजीच्या अंथरुणावर. आजी रोज चारला उठून चुलीवर पाणी ठेवायची, म्हणून ती गोधडीत नव्हती. कपाटाखालून त्या गोधडीचा एक कोपरा बाहेर आला होता, निळ्या लुगड्याच्या तुकड्याचा. तिसरी गोष्ट अंगणातलं तुळशीवृंदावन. ते पडलं नव्हतं, सरकलंही नव्हतं. पण त्याची दिवा लावायची कोनाड्याची बाजू, जी दाराकडे असायची, ती आता गोठ्याकडे बघत होती. दगडी वृंदावन आपल्या जोत्यावर स्वतःभोवती फिरलं होतं. आजीने पदर डोक्यावर घेऊन त्याला नमस्कार केला आणि म्हणाली, "देवीनं तोंड फिरवलं."

एकाच घरात, एकाच धक्क्यात एक वस्तू घसरली, एक कोसळली आणि एक डोलता डोलता फिरली. तसं का झालं याचं उत्तर मला बीएस्सीला मिळालं, आणि ते इतकं साधं होतं की सातवीच्या मुलाला समजावं.

लोकलच्या दारात उभं राहणाऱ्याला हे अंगाने ठाऊक असतं. गाडी झटक्याने सुटली की पाय गाडीबरोबर जातात आणि धड मागे राहतं. पाय झटक्याच्या दिशेने फाकवलेले असले तर माणूस तगतो, जुळवलेले असले तर शेजाऱ्याच्या अंगावर जातो. कपाटाचे पाय कायम जुळवलेले असतात. भूकंपात जमीन आडवा झटका देते. त्या झटक्याचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या किती पट आहे हा एक आकडा, आणि तुम्ही वहीत लिहिलेला खोली भागिले उंची हा दुसरा. पहिला दुसऱ्याच्या वर गेला की कपाटाची एक कड लादीवरून उचलली जाते. एवढंच गणित. कपाट रिकामं आहे की भरलेलं, दोनशे किलोचं आहे की पन्नासचं, याने फरक पडत नाही. "आमचं कपाट एवढं जड आहे, ते कसलं पडतंय" हे वाक्य मी निदान शंभर वेळा ऐकलं असेल. जड वस्तूला खाली धरणारी ओढ मोठी असते, तशीच तिला आडवी ढकलणारी ओढही तेवढीच मोठी असते. दोन्ही एकमेकींना कापतात आणि मागे फक्त आकार उरतो. एक पुरवणी मात्र जोडायला हवी: जड सामान वरच्या फळ्यांवर आणि हलकं खाली असेल, तर वस्तुमानाचा मध्य वर सरकतो आणि कपाट आपल्या मापापेक्षा उंच असल्यासारखं वागतं. आपल्या शाळांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात जुने दाखले-रजिस्टरांचे गठ्ठे आणि खालच्या कप्प्यात खडूचे खोके असतात, हे वेगळं सांगायला नको.

तिसरा आकडा घर्षणाचा. आडवा झटका घर्षणाला भारी पडला तर वस्तू घसरते. घसरणं आधी होतं की कड उचलणं आधी, हे त्या दोन आकड्यांतला लहान कोणता यावर ठरतं. आमचं जातं बसकं आणि रुंद, त्याचा भागाकार मोठा, म्हणून घर्षण आधी हरलं आणि ते घसरलं. कपाट उंच आणि अरुंद, म्हणून त्याची कड आधी उचलली गेली.

हे मुलांना दाखवायला मी परीक्षेचं पॅड आणि काडेपेटी वापरायचे. तुम्हीही टेबलावर करून बघा. पॅडवर काडेपेटी आडवी ठेवा आणि पॅडचं एक टोक हळूहळू उचला. काडेपेटी घसरत खाली येईल, उलटणार नाही. आता तीच पेटी लांब कडेवर उभी करा, तिचं रुंद तोंड उताराकडे ठेवून. गुळगुळीत पॅडवर तीही बहुतेक वेळा घसरते. मग पॅडवर पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवा आणि पुन्हा करा. आता ती घसरत नाही, आपटते. पेटी तीच, उतार तोच, फक्त खालचा पृष्ठभाग बदलला. पॅड कलतं तेव्हा वजनाचा एक हिस्सा उताराच्या दिशेने ओढू लागतो. भूकंपाचा आडवा झटका वस्तूला तसाच जाणवतो.

हा प्रयोग मी एवढा सविस्तर सांगते आहे त्याला कारण आहे. नव्या लाद्यांवर ओरखडे पडू नयेत म्हणून अनेक शाळांनी कपाटांच्या पायांना रबरी बूट घातले आहेत. हेतू चांगला. पण गुळगुळीत लादीवर लोखंडी पाय कदाचित घसरला असता. रबर तो घसरू देत नाही, म्हणजे काडेपेटीखाली पॉलिश पेपर लावल्यासारखंच झालं. रबर काढा असं माझं म्हणणं नाही. घसरलेलं कपाट दारात येऊन बसलं तर तेही वाईटच. रबर लावलंत तर भिंतीला बांधल्याशिवाय ठेवू नका, एवढंच.

आता तुळशीवृंदावनाकडे येते, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

कड उचलली गेली म्हणजे वस्तू पडलीच असं नाही. ती एका कडेवर तोलते, परत येते, आपटते, दुसऱ्या कडेवर जाते. मराठीत याला डोलणं, डुगडुगणं असे छान शब्द आहेत. प्रत्येक आपटण्यात तिची थोडी ऊर्जा जाते. डोलताना वस्तूचा भार पूर्ण तळावर नसतो, एखाद्या कडेवर किंवा एका कोपऱ्यावर असतो. त्याच क्षणी जमीन दुसऱ्या दिशेने हलली की वस्तू त्या कोपऱ्याभोवती गिरकी घेते. आमचं वृंदावन असंच फिरलं. 12 जून 1897 च्या आसामच्या महाभूकंपानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम तो सगळा मुलूख हिंडले. कुठे थडग्यांवरचे दगड पडले, कुठे फिरले, कुठे जागेवर राहिले याच्या नोंदी त्यांनी केल्या. आज बांगलादेशात असलेल्या छातक इथे एक उंच स्मारकस्तंभ होता, त्याचा वरचा भाग खालच्या भागावर पिळल्यासारखा फिरला होता. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आजी जिवंत होती. मी तिला दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्यांच्यापण देवीनं?"

पडलेल्या दगडांवरून धक्का किती मोठा होता हे उलट गणित करून काढायची पद्धत त्या काळी रूढ होती. ओल्डहॅमच्या आधी जपानमध्ये जॉन मिल्न या भूकंपशास्त्रज्ञाने उभे ठोकळे हलवून प्रयोगही केले होते. पण ते गणित कड उचलण्यापुरतंच खरं ठरतं. पडण्याचं गणित वेगळं आहे, हे नीट उलगडायला 1963 साल उजाडावं लागलं. तीन वर्षं आधी, मे 1960 मध्ये, चिलीत जगातला आजवर नोंदला गेलेला सगळ्यांत मोठा भूकंप झाला होता. तिथे एका खांबावर तोललेल्या, दिसायला नाजूक अशा पाण्याच्या काही टाक्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यापेक्षा भक्कम दिसणाऱ्यांचं नुकसान झालं. जॉर्ज हाउसनर या अमेरिकन अभियंत्याने त्याचा माग काढला. त्यांनी दाखवलं की डोलणारी वस्तू म्हणजे उलटा लंबक, पण साध्या लंबकासारखा तिचा ठरलेला ताल नसतो. थोडी डोलली तर चटचट डोलते, जास्त कलली तर रेंगाळत परत येते. आणि एकाच आकाराच्या, पण लहान-मोठ्या दोन वस्तू असतील तर मोठी जास्त तग धरते. तिला पाडायचं तर झटका नुसता जोराचा असून भागत नाही, तो पुरेसा वेळ टिकावा लागतो. एखादी उंच दीपमाळ आणि हुबेहूब त्याच प्रमाणात केलेली हातभर प्रतिकृती शेजारी शेजारी ठेवली, तर कड दोघींची एकाच झटक्याला उचलेल. प्रतिकृती आडवी होईल आणि दीपमाळ बहुधा डोलून थांबेल.

शाळेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की कपाटाच्या आधी कपाटावरच्या वस्तू पडतील. पृथ्वीचा गोल, आंतरशालेय ढाली, पितळी करंडक, प्रयोगशाळेतल्या उंच मानेच्या बाटल्या. सगळ्या लहान आणि अरुंद. आणि त्या मुलांच्या डोक्याच्या उंचीवरून पडतील.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेत हलत्या टेबलावर तोच ठोकळा, तोच झटका पुन्हा पुन्हा दिला, तरी ठोकळा एकदा उभा राहतो, एकदा पडतो. तळाला केसभर फरक, आपटण्याच्या क्षणात किंचित मागेपुढे, एवढ्यावर निकाल फिरतो. म्हणून "किल्लारीच्या वेळी आमच्याकडे काही पडलं नाही" किंवा "भूजच्या वेळीही काही झालं नाही" हा पुरावा धरू नका. एक तर ते धक्के मुंबईत पोचेपर्यंत क्षीण झाले होते. दुसरं, आधी न पडलेली वस्तू पुढेही पडणार नाही असं त्यातून मुळीच निघत नाही.

26 जानेवारी 2001 ला मी झेंडावंदनाआधी तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत होते. मुलं मैदानात रांगा लावत होती, मी प्रमाणपत्रांचा गठ्ठा घ्यायला वर आले होते. पावणेनऊ झाले होते. आधी मला चक्कर आल्यासारखं वाटलं. मग आवाज आला, बारीक, काचेचा. मांडणीवरच्या रसायनांच्या बाटल्या एकमेकींना टेकून किणकिणत होत्या. पंखा बंद होता आणि तरीही त्याची दांडी हलत होती. कपाटाची दारं कडीत खडखडली. गंधकाम्लाची बाटली फळीच्या कडेपासून दोन बोटांवर आली होती, हे मला ते थांबल्यावर दिसलं. भूजच्या त्या भूकंपाचा केंद्रबिंदू इथून पाचशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब होता. मैदानातल्या बहुतेक मुलांना काही कळलंही नाही.

त्याच सकाळी कच्छमधल्या अंजार गावात प्रजासत्ताक दिनाच्या फेरीला निघालेली 185 मुलं आणि 20 शिक्षक गेले. ते इमारतीत नव्हते. ते अरुंद गल्लीतून चालले होते आणि दोन्ही बाजूंच्या भिंती त्यांच्यावर आल्या. मी आपल्या शाळांतल्या पॅसेजमधून चालते, एका बाजूला कपाटांची रांग आणि दुसऱ्या बाजूला वर्गांची दारं, तेव्हा मला ती गल्ली आठवते. धक्का थांबल्यावर आपण मुलांना याच पॅसेजमधून बाहेर काढणार आहोत.

"मुंबईत कुठे भूकंप होतो, बाई?" असं मला विचारतात. इमारतींनी भूकंपात टिकावं यासाठीचं जे भारतीय मानक आहे (क्रमांक 1893), त्याच्या 2016 सालच्या आवृत्तीत मुंबई तिसऱ्या भूकंप-विभागात आहे आणि त्या विभागाचा गुणक 0.16 आहे. तो आकडा ढोबळमानाने सांगतो की तिथे विचारात घ्यायच्या मोठ्या भूकंपात जमिनीचं आडवं त्वरण गुरुत्वाच्या किती पट धरायचं. आता वही उघडा. वाचनालयाची रॅक: 0.14. कपाट: 0.24, म्हणजे तळमजल्यावर कदाचित निभावेल. पण शाळा तळमजल्यावर संपत नाही. इमारत हलू लागली की वरचे मजले जमिनीपेक्षा जोराने हलतात, कधी दुपटीहून जास्त. प्रयोगशाळा आणि वाचनालय सहसा वरच्या मजल्यावर असतात, कारण खाली कार्यालय आणि बालवर्ग असतात. शिवाय मुंबईचा बराच भाग खाडी आणि समुद्र भरून केलेला, आणि मऊ भरावाची जमीन धक्का वाढवते.

लांबचा भूकंप लांबच राहतो असंही नाही. 2001 मध्ये अहमदाबाद केंद्रबिंदूपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर होतं, तरी तिथे बहुमजली इमारती कोसळल्या. 11 मार्च 2011 ला जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा तिथून 770 किलोमीटरवरच्या ओसाका शहरात 256 मीटर उंचीची एक इमारत सुमारे दहा मिनिटं झुलत राहिली. माथा या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन मीटरच्या आसपास हलला. अशा संथ, लांब झोक्यात चाकांवरच्या वस्तू गाडीसारख्या धावतात. हल्ली प्रत्येक शाळेत चाकांच्या स्टँडवर मोठे डिजिटल फळे आले आहेत. त्यांच्या चाकांचे ब्रेक लावलेले मी क्वचित पाहते.

टोकियोच्या अग्निशमन दलाने अलीकडच्या मोठ्या भूकंपांतल्या जखमींची पाहणी केली, त्यात साधारण 30 ते 50 टक्के लोक कपाटं, फर्निचर आणि वस्तू पडून, सरकून किंवा वरून कोसळून जखमी झाले होते. इमारत टिकली तरी आतल्या वस्तू माणसाला जखमी करतात. म्हणूनच हे पत्र मी अभियंत्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. इमारत भक्कम करणं हे मोठं, खर्चाचं, परवानग्यांचं काम आहे आणि ते व्हायलाच हवं. पण कपाट तुमच्या हातात आहे.

भूकंपाशिवायही ते पडतं. मी जिथे शिकवत होते त्या शाळेत एकदा नकाशांचं चार खणांचं लोखंडी कपाट सातवीतल्या एका मुलीवर आलं. तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं. तिला कोकणचा नकाशा हवा होता आणि तो कोणत्या खणात आहे ते माहीत नव्हतं, म्हणून तिने एकामागून एक चारही खण पूर्ण बाहेर ओढले. सगळं वजन पुढे आलं आणि कपाट शांतपणे पुढे कललं. शांतपणे हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. आवाज शेवटी येतो. तिचं मनगट मोडलं, बरं झालं. दुसऱ्या दिवशी ते कपाट दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं. भिंतीला बांधा असं मी म्हटलं तेव्हा उत्तर आलं, नुकताच रंग दिलाय, भोकं कुठे पाडता.

रंगाच्या भोकांचं मला काही वाटत नाही, पण भिंतीच्या भोकांचं तुम्हाला वाटायला हवं, कारण हे काम चुकीचं केलं तर न केल्यासारखंच आहे. माझा एक जुना विद्यार्थी आता फॅब्रिकेशनचं काम करतो. गेल्या उन्हाळ्यात एका शाळेने मान्य केलं, तेव्हा तो ड्रिल मशीन घेऊन आला. पहिलं भोक पाडल्यावर त्याने मला हाक मारली. "बाई, हे बघा." ड्रिलच्या टोकाला पांढरी भुकटी लागली होती. "हे प्लास्टर. इथे गिट्टी ठोकली तर मुलगासुद्धा हाताने उपटेल." तो अजून आत गेला आणि भुकटी लाल झाली. "आता वीट लागली." मग त्याने लांब अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीत घट्ट रुतणारा बोल्ट, घातला, एल अँगलचा एक पाय भिंतीत आणि दुसरा कपाटाच्या माथ्याजवळ मागच्या पत्र्याच्या कडेला, जिथे पत्रा दुमडून दुहेरी झालेला असतो तिथे, नटबोल्टने आवळला. दोन्ही बाजूंना एकेक. अर्धा तास. तोच सांगत होता की प्लायवूड किंवा जिप्समच्या पार्टिशनला कपाट कधीच बांधू नये, पार्टिशनसकट खाली येतं. आणि जुन्या दगडी इमारतीत चुन्याचा दर्जा अभियंत्याला विचारूनच हात लावावा.

जिथे भिंत नाही, म्हणजे वाचनालयाच्या मधोमध उभ्या रॅक आहेत, तिथे दोन रॅक पाठीला पाठ लावून बोल्टने जोडा. खोली दुप्पट झाली की भागाकारही दुप्पट होतो, 0.14 चा 0.28. आणि सगळ्या जोड्या वरून आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना आणि दोन्ही टोकांच्या भिंतींना बांधून टाका, नाहीतर एक पडली की शेवटपर्यंत सगळ्या पडतात. पुस्तकं उतरवून लावायची असतील तर शब्दकोश आणि बांधीव मासिकं सगळ्यांत खाली येऊ द्या. प्रयोगशाळेत आम्लाच्या बाटल्या कमरेच्या खाली, वाळूच्या ट्रेमध्ये, आणि प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दोन-तीन इंच उंचीची लाकडी पट्टी. ती पट्टी त्या प्रजासत्ताक दिनी माझ्या मांडणीला नव्हती. दुसऱ्या दिवशी मी सुताराला बोलावलं.

काही कपाटं बांधता येणारच नाहीत, हे मला कळतं. जागा भाड्याची असते, मालक ऐकत नाही, भिंत धड नसते. मग निदान त्यांच्या जागा बदला. साडेसहा फूट उंचीचं कपाट पुढे पडलं तर साडेसहा फुटांपर्यंत येतं. तेवढ्या पट्ट्यात बाक नको, दार नको, जिन्याचं तोंड नको. कपाटावर काहीही ठेवू नका. ढाली आणि करंडक काचेच्या कपाटात, खालच्या फळीवरही तितकेच चमकतात.

जिथे बसकं, रुंद टेबल आहे तिथे काही करायची गरज नाही. ते घसरेल, घसरू द्या. मुलं त्याच्याखाली जाऊन त्याचा पाय धरून बसतील आणि टेबलाबरोबर सरकतील, हे आपण त्यांना शिकवतोच. फक्त त्याच्या वाटेत उंच काही उभं नाही ना, एवढं बघा.

संस्थाचालकांना वेगळी विनंती. नवीन फर्निचरची मागणी काढाल तेव्हा पुरवठादाराला कपाटाबरोबर भिंतीला बांधायचे अँगल आणि ते बसवून देण्याची अट कागदावर घाला. खण असलेलं कपाट घेताना एका वेळी एकच खण उघडेल असं कुलूप असलेलं मागा, ते मिळतं. वर्षातून एकदा, मे महिन्यात, सगळे बोल्ट आवळून घ्या. आपल्या दमट हवेत ते गंजतात, ढिले होतात.

मुख्याध्यापकांना विनंती अशी की मोजणीचं काम आठवीच्या मुलांना द्या. भागाकार त्यांना येतो. प्रत्येक कपाटावर त्याचा आकडा खडूने लिहू द्या, आणि जे 0.3 च्या खाली आहे त्याची यादी त्यांच्याकडूनच कार्यालयात येऊ द्या. मी दोन शाळांत हे करून पाहिलं. एका मुलाने घरी जाऊन आजोबांच्या पलंगाशेजारचं कपाट मोजलं आणि दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगितलं, "बाई, 0.21. बाबा रविवारी बांधणार आहेत."

येत्या 11 डिसेंबरच्या आत पॅसेजमधली आणि जिन्याजवळची कपाटं तरी व्हावीत अशी माझी इच्छा आहे. बाकीची पुढच्या सुट्टीत होतील. ज्या शाळेला कुठून सुरुवात करावी कळत नसेल तिने मला बोलवावं, मी शनिवारी सकाळी टेप आणि पॅड घेऊन येईन. माझा विद्यार्थीही यायला तयार आहे, ड्रिल त्याचं, फास्टनर तुम्ही आणून ठेवा. लांब घ्या, प्लास्टर ओलांडून विटेत गेला पाहिजे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
मुलुंड, मुंबई